रो-हाऊसच्या मागच्या अंगणात सातेरीची पेटी: जागा, शेजार आणि डंख

वाशीची_तुळस
वाशीत तळमजल्याचं रो-हाऊस आहे. मागचं अंगण दहा बाय चौदा फूट. त्यात एक शेवगा, कढीपत्ता, तुळशी, आणि कुंपणावर आईस्क्रीमवेल पसरलेली, तिच्यावर सकाळभर माश्या असतात. पूर्वेला साडेचार फुटी भिंत, पलीकडे शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची जागा. पश्चिमेला आमचं स्वयंपाकघर. घरात सहा वर्षांची मुलगी आणि बीपीच्या गोळ्या घेणारे सासरे. दसऱ्यानंतर एक मधपेटी ठेवायचा विचार आहे. इतक्या जागेत जमेल का, आणि डंखांची तयारी नेमकी काय ठेवायची? "मधमाश्या किती उपयोगी" हे माहीत आहे, ते सोडून लिहावं ही विनंती.

पेटीवाला
जमेल, पण एकच पेटी आणि तीही सातेरी या देशी माशीची. मेलीफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते म्हणून कुणी गळ्यात मारेल, घेऊ नका. तिची वसाहत मोठी, भूक मोठी, फुलोरा संपला की पेट्या उचलून दुसऱ्या गावी न्याव्या लागतात, वर माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ कोळ्याची कटकट. सातेरी इथलीच आहे. शहरात पाण्याच्या मीटरच्या खोक्यात, झाडाच्या ढोलीत स्वतःहून घर करते.

जागेबद्दल. पेटीचं दार पूर्वेला ठेवा म्हणून सगळे सांगतात, कारण कोवळं ऊन दारावर आलं की माश्या लवकर कामाला निघतात. तुमच्याकडे मात्र पूर्वेलाच शेजाऱ्यांच्या दोऱ्या आहेत. त्या भिंतीवर बांबू उभे करून एकूण उंची सात फूट होईल एवढं हिरवं शेडनेट लावा आणि पेटी भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर ठेवा. दारातून निघालेली माशी समोर अडथळा दिसला की तिथल्या तिथे वर चढते आणि मग डोक्यांच्या वरूनच जाते-येते. निम्म्या तक्रारी या एका जाळीने मिटतात.

उरलेल्या तक्रारी कपड्यांवरच्या पिवळ्या ठिपक्यांच्या असतात. मोहरीएवढा, मधल्या भागात जाडसर, वाळला की हळदीच्या डागासारखा दिसणारा ठिपका. ती माश्यांची विष्ठा. ढगाळ दिवस संपून ऊन पडलं की सगळ्या एकदम बाहेर येतात आणि उडताना टाकतात. शेजाऱ्यांना हे पेटी आणण्याआधी सांगून ठेवा. पांढरी चादर वाळत असताना सांगणं कठीण जातं.

येऊरचा_वाटाड्या
+१. पाण्याचं राहिलं. माश्यांना उन्हाळ्यात पेटी गार ठेवायला पाणी लागतं, आणि एकदा शेजारच्या एसीचं गळतं पाणी किंवा मोरीचा नळ सापडला की तो त्या सोडत नाहीत. म्हणून पेटी यायच्या आठ दिवस आधीच पसरट परळात पाणी, त्यात अर्धवट बुडणारे दगड किंवा नारळाच्या शेंड्यांचा गोळा, आणि परळ पेटीपासून सात-आठ फुटांवर सावलीत. दोन दिवसांनी पाणी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास होते आणि सोसायटी त्याच्यावरून बोलते. परळ एकही दिवस कोरडं पडू देऊ नका.

पेटीवाला
बरोबर. आता स्टँड. लोखंडी, दीड ते दोन फूट उंच, चारही पाय वाट्यांमध्ये. वाट्यांत पाणी आणि वर थोडं जुनं इंजिन ऑइल, म्हणजे मुंग्या चढत नाहीत, डासही होत नाहीत. वाटी पेटीच्या छपराखाली आली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पावसात तेल वाहून अंगणात. पेटीला टेकलेली एक वाळकी काडी किंवा वेलीची फांदीसुद्धा मुंग्यांना पुरते. तुमची आईस्क्रीमवेल तिथपर्यंत येऊ देऊ नका.

पेटी किंचित पुढे कललेली हवी, मागच्या पायांखाली अर्ध्या इंचाची चकती घातली की पुरे. ठाणे-नवी मुंबईचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा, त्यात आडवा मारा. तळपाटावर पाणी साचलं की आत बुरशी येते आणि त्या कुबट वासाने वसाहत निघून जाते. वरच्या झाकणावर पत्रा, त्याला पुढे चार इंचांची झालर.

एकदा ठेवलेली पेटी हलवायची तर दोन फुटांच्या आत किंवा थेट दोन-तीन किलोमीटर लांब. अंगणाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागी येऊन हवेत घिरट्या घालत बसतात. वसाहत निम्मी होते, आणि त्या हरवलेल्या माश्या चावतात ते वेगळंच.

कोथिंबीर_जुडी
वाखुसा (वाचनखूण साठवली)! प्रश्न: पेटी उघडताना हातमोजे घालायचे की नाही? एका ठिकाणी "अजिबात नको" वाचलं, दुसरीकडे "त्याशिवाय हात लावू नका".

पेटीवाला
जाड चामडी मोजे नकोत. बोटांना चौकट (जिच्यात पोळं बांधलेलं असतं ती) जाणवत नाही, माशी चेंगरते, आणि चेंगरलेल्या माशीतून धोक्याचा वास सुटतो. तो पिकलेल्या केळ्यासारखा असतो. पेटीजवळ असा वास आला तर काम थांबवून झाकण लावायचं, कारण पुढचा डंख त्याच जागेच्या आसपास बसणार. (याच कारणाने पेटीपाशी केळं खात उभं राहू नये. हसू नका.)

सुईदोरा
थोडा मतभेद. नवीन माणसाने पहिले पाच-सहा वेळा पातळ नायट्राइलचे मोजे घालावेत. डंख त्यातूनही बसतो, पण कमी खोल, आणि हात दचकत नाही. हात दचकला की चौकट आपटते, खरं नुकसान तिथे होतं. बुरख्याशिवाय मात्र कुणीच उघडू नये. डोळ्याच्या बाहुलीवरचा डंख हा थट्टेचा विषय नाही, त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ लागतो.

पेटीवाला
नायट्राइल चालतील, मान्य.

उघडण्याचा क्रम लिहितो, कारण डंख बहुतेक इथेच बसतात. वेळ सकाळी नऊ ते अकरा, ऊन असताना. त्या वेळी चरणाऱ्या माश्या बाहेर असतात, आत गर्दी कमी. ढगाळ हवा, वारा, संध्याकाळ, नुकताच पडून गेलेला पाऊस: उघडायची नाही. कपडे फिके आणि गुळगुळीत. काळे, लोकरी, केसाळ कपडे नकोत; अत्तर, सुगंधी तेल नको. केस बांधून बुरख्यात.

धुराड्यात नारळाच्या शेंड्या किंवा गोणपाटाचा तुकडा. धूर पांढरा आणि गार हवा, हातावर सोडून बघायचा, चटका बसला तर वर हिरवी पानं घालायची. दारात दोन फुंका, एक मिनिट थांबायचं. सातेरीला जास्त धूर दिला की ती शांत होत नाही, पोळं सोडून पेटीच्या भिंतींवर धावत सुटते, मग राणी शोधणं विसरा. वारंवार असं झालं तर वसाहत पेटी सोडते.

पेटीच्या मागे किंवा बाजूला उभं राहायचं, दारासमोर कधीच नाही. आतलं झाकण उचलताना सातेरी सगळी मिळून "स्सss" असा आवाज करते, फणा काढल्यासारखा. नवीन माणूस इथेच झाकण टाकून देतो. तो इशारा आहे, हल्ला नाही. तीस सेकंद स्तब्ध राहायचं. मग कडेची चौकट आधी काढायची, मधली नाही. कडेची काढल्यावर जागा होते आणि पुढच्या चौकटी आडव्या सरकवून, माश्या न घासता, उचलता येतात. चौकट उभीच धरायची, पेटीच्या वरच. उलटी बाजू बघायची तर वरच्या पट्टीभोवती फिरवायची. आडवी केली की नवं पांढरं पोळं, विशेषतः मधाने जड झालेलं, मधोमध तुटून पडतं. सगळं मिळून दहा मिनिटं.

किती दिवसांनी? दर दहा दिवसांनी एकदा पुरे. रोज कौतुकाने उघडणाऱ्याची पेटी महिन्यात रिकामी होते.

येऊरचा_वाटाड्या
बघायचं काय तेही सांगा. लोक उघडतात, "आहेत माश्या" म्हणतात आणि बंद करतात.

पेटीवाला
अंडी बघायची. पोळ्यातल्या घराच्या तळाशी उभी असलेली, तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी. सूर्य पाठीमागून खांद्यावरून पोळ्यात पडेल असं उभं राहिलं तरच दिसते. एका घरात एक अंडं दिसलं म्हणजे राणी तीन दिवसांत तिथे होती, तिला प्रत्यक्ष शोधायची गरज नाही. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असतील तर राणी गेलेली आणि कामकरी माश्या घालताहेत, त्यातून फक्त नर निघतात.

नराच्या घराची टोपी ओळखायला सोपी: उंच, आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखं बारीक छिद्र. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती घरं दिसली तर ती राणीची. अंड्यापासून सुमारे सोळा दिवसांत नवी राणी बाहेर येते आणि त्याच्या थोडं आधीच जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन उडते. रो-हाऊसच्या वस्तीत हा थवा कुणाच्या तरी खिडकीच्या ग्रिलवर बसणार आणि अग्निशमन दलाला फोन जाणार. म्हणून फुलोरा वाढल्यावर दर सात दिवसांनी खालच्या कडा तपासायच्या आणि वेळेवर वसाहत विभागायची किंवा जागा वाढवायची.

सुईदोरा
आता डंख. हे नीट वाचा.

मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि माशी गेल्यावरही पिशवी आकुंचन पावत विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीसेक सेकंदांत आत जातं. त्यामुळे कार्डाने खरवडा, चिमटीत धरू नका, वगैरे वादात वेळ घालवू नका. नखाने, सुरीच्या बोथट बाजूने, कशानेही, पण लगेच काढा. कार्ड आणायला घरात जाण्याइतका वेळ नसतो. मग त्या जागेवर धुराड्याचा धूर द्या म्हणजे तो केळ्याचा वास झाकला जातो, पेटी बंद करा, आणि मग साबणाने धुवा.

नांगी सापडलीच नाही तर बहुधा गांधीलमाशी होती. तिची नांगी गुळगुळीत, ती एकामागून एक डंख मारू शकते. अंगणात तिचं घर असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, कारण ती पेटीच्या दारात दबा धरून सातेरीही उचलते.

बोटाला डंख असेल तर अंगठी, बांगड्या तत्काळ काढा. तासाभराने निघणार नाहीत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. खाज-सुजेला प्रौढांसाठी सेटिरिझिन १० मिग्रॅ, दुखायला पॅरासिटॅमॉल. मुलीच्या मात्रा तिच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी सूज वाढते आणि लोक घाबरून प्रतिजैविकं सुरू करतात. साधारण अठ्ठेचाळीस तासांपर्यंत ती वाढणं हे ठरलेलं आहे. मनगटावरच्या डंखाने कोपरापर्यंत हात सुजू शकतो, उतरायला आठवडा लागतो. ताप, पू, तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी लाली असेल तर मात्र दाखवा.

कोथिंबीर_जुडी
आमच्याकडे लोखंडी किल्ली घासतात, चुना लावतात. काही अर्थ?

सुईदोरा
किल्ली गार असते, तेवढाच अर्थ. घासल्याने विष पसरतं आणि चुन्याने कातडी भाजते. विष केव्हाच कातडीखाली गेलेलं असतं, वरून आम्ल-अल्कली लावून ते मारता येत नाही. हळद, टूथपेस्ट यांनी नांगी झाकली जाते आणि दिसेनाशी होते, हा खरा तोटा.

आता ज्यासाठी धावायचं ते. डंखापासून लांबच्या अंगावर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, छाती आवळणं, उलटी, चक्कर, "काहीतरी भयंकर होतंय" अशी भावना. हे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात, कधी पाच मिनिटांतही दिसतं. यावर सेटिरिझिन उपाय नाही. उपाय ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत; प्रौढांना साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि ते रुग्णालयात. १०८ ला फोन, माणसाला आडवं झोपवून पाय उंच. श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास निरीक्षणाखाली राहायचं, कारण लक्षणं परत येऊ शकतात.

तुळसताई, सासऱ्यांच्या गोळ्यांची पट्टी बघा. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी असेल तर ॲलर्जीच्या वेळी ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही. गोळी बंद करायची नाही, पण पेटी आणायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी हे बोला. घरात कुणाला आधी डंखाने अंगभर गांध्या किंवा चक्कर आलेली असेल तर ॲलर्जी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पेटी नको, हे माझं स्पष्ट मत.

तोंडात किंवा घशात डंख (उघड्या सरबताच्या पेल्यातून असं होतं): बर्फ चोखत थेट रुग्णालय. आणि एकाच वेळी पन्नासच्या वर डंख बसले तर ॲलर्जी नसली, बरं वाटत असलं, तरी दाखल व्हायचं. एवढ्या विषाने स्नायू आणि तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं एक-दोन दिवसांनी बसतात. लघवी चहासारखी होणं ही खूण. मुलांना याहून खूपच कमी डंख पुरतात.

घोडबंदर_तेरावा_मजला
आमच्या इमारतीच्या तेराव्या मजल्याच्या छज्जाखाली मोठं मोहोळ आहे, परातीएवढं. सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतेय. हीच माशी पेटीत भरता येईल का?

येऊरचा_वाटाड्या
नाही. ती आग्या. उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, पेटीत राहत नाही. तिच्याशी सातेरीचे नियम चालत नाहीत, ती शंभर मीटर पाठलाग करते. फवारणी केली की मरणाऱ्या माश्या खाली पार्किंगमध्ये पडतात, उरलेल्या पिसाळतात आणि विषारी पोळं खाली लोंबत राहतं. खिडकी बंद, त्या बाजूचे दिवे रात्री बंद (आग्या रात्रीही उजेडाकडे येते), गच्चीवर फटाके आणि पतंग नको. पावसाच्या तोंडाशी बहुतेक मोहोळं आपणहून उठतात. उठल्यावर भिंतीवरचं मेण खरवडून, गरम पाणी-साबणाने धुवून टाका, नाहीतर पुढल्या वर्षी त्याच जागी परत. मागे लागलीच तर सरळ बंद खोलीत किंवा गाडीत, तोंड झाकून. हात हलवायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही, ती वर घिरट्या घालत थांबते.

याच्यावर वेगळा धागा काढा, इथे सातेरीच राहू दे.

वाशीची_तुळस
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांची गोळी बीटा ब्लॉकर नाही, तरी डॉक्टरांना विचारते. दोन शंका. पावसाळ्यात खायला काय घालायचं? आणि महापालिकेची डासांची धूर फवारणी येते तेव्हा काय करायचं?

पेटीवाला
धूर फवारणी बहुधा तिन्हीसांजेला येते. दुपारी वर्दी मिळाली तर संध्याकाळी माश्या आत आल्या की, गाडी यायच्या आधीच, दाराला बारीक जाळी ठोकायची आणि वरून ओलं गोणपाट टाकायचं. गाडी जाऊन तासभराने गोणपाट काढायचं आणि पहाटे जाळी. जाळीशिवाय नुसतं बोळ्याने दार बंद केलं तर आत उकाड्याने पोळं वितळतं. गाडीवाल्यांना विनंती केली तर ते तेवढं अंगण सोडतातही.

खाणं: जून ते सप्टेंबर फुलं कमी, सातेरी साठा संपवते. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग तेवढ्याच वजनाची साखर विरघळवायची. पाक गॅसवर आटवायचा नाही, करपलेली साखर माश्यांना बाधते. गूळ नको, हगवण लागते. छोट्या वसाहतीला एका वेळी दोनशे मिली, आठवड्यातून एक-दोनदा, दिवस मावळल्यावर पेटीच्या आत. वाटीत वाळक्या काड्या टाकायच्या म्हणजे बुडत नाहीत. सकाळी उरलेला पाक काढून टाकायचा. दिवसा आणि बाहेर सांडून दिला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात, आणि लूटमार सुरू झाली की शेजाऱ्यांनाही डंख बसतात.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू मेणकिडा. माश्या झाकू शकत नाहीत तेवढ्या चौकटी काढून घ्या, जुनी काळी पोळी टाका, तळपाट दर आठवड्याला खरवडा. पोळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बोगदे दिसले तर ती चौकट गेली. काढून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवली तर आतल्या अळ्या मरतात.

येऊरचा_वाटाड्या
मधाचं थोडक्यात. आपल्याकडे मार्चपासून जांभूळ, करंज, सोनमोहर, खाडीकडे तिवरं. येऊरच्या बाजूला दर आठ वर्षांनी कारवी (२०१६, मग २०२४). जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो, भेसळ समजून परत करू नका. पाक देणं फुलोऱ्याच्या तीन आठवडे आधी बंद, नाहीतर मध म्हणून साखर काढाल. तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच काढा. इथल्या दमट हवेत पातळ मध दोन महिन्यांत आंबतो, बाटलीचं झाकण फुगतं. एका पेटीतून वर्षाला चार-पाच किलो मिळाला तर खूप झालं. एक वर्षाखालच्या बाळाला चाटवायचा नाही, जुनी पद्धत असली तरी.

पेटी आणि माश्या घेण्यापूर्वी पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वरचं मध संचालनालय यांच्याकडे प्रशिक्षणाची चौकशी करा.

वाशीची_तुळस
शेडनेट आणि परळ या आठवड्यात. विकणारा म्हणतोय की पेटीला राणीद्वार लावून देतो, राणी पळणार नाही, कायमचं राहू द्या.

पेटीवाला
कायमचं नाही! नव्या जागी रुळेपर्यंत तीन-चार दिवस, फार तर आठवडा. त्यातून कामकरी जाते पण राणी जात नाही, तसाच नरही जात नाही. ते आत अडकून मरतात आणि दाराचा बोळा होतो. आणि वसाहतीत नवी राणी निघाली असेल तर तिला मिलनासाठी बाहेर जावंच लागतं. द्वार राहिलं तर ती तशीच आत राहते आणि पुढे फक्त नराची अंडी घालते. माश्या परागाच्या पिवळ्या गोळ्या पायांना लावून आत शिरताना दिसल्या की त्याच संध्याकाळी काढून टाका.